सात नोंदी पुसल्या तो दिवस

कोल्हापुरातल्या ज्या डेअरीत मी काम करते, तिथं सभासदांचे फोन आता एआय एजंट घेतात. एक फोनवर बोलतो, दुसरा जनावरांच्या डॉक्टरांची फेरी ठरवतो, तिसरा दिवसभराच्या कामाचा सारांश लिहितो. तिघांची मेमरी एकच. एकानं टिपलेलं बाकीच्या दोघांना लगेच कळतं. त्या मेमरीवर लक्ष ठेवणं हे माझं काम. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. हे काम वडलांना समजावून सांगायला मला अजून बराच वेळ लागतो.

थंडीतल्या एका सकाळी राधानगरीकडच्या वाडीतून एका मावशींचा फोन माझ्याकडं आला. एजंटशी बोलून त्या वैतागल्या होत्या.

"म्हस अडलीया पहाटेपासनं. आन तुमचा त्यो बोलका गडी म्हनतोय, जनावर फाट्यावर आना. खांद्यावर टाकून आनू व्हय?"

"मावशी, डॉक्टर वाडीत येणार नाहीत असं का म्हणतोय तो?"

"त्येलाच इचारा की. पावसाळ्यापासनं ह्येच चाललंय."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते धरणापलीकडं होते, तिथं रेंज नाही. दुपारी परतताना वाडीच्या फाट्याजवळ रेंज आली की त्यांच्या मोबाइलवर फेरीची यादी उतरते आणि तीच बघून ते पुढं जातात. मी यादीत वाडीचं नाव घातलं. पाच मिनिटांनी बघते तर नाव गायब. फेरी ठरवणाऱ्या एजंटनं ते काढून टाकलं होतं.

मेमरीत शोधल्यावर कारण सापडलं. पावसाळ्यात कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, त्यावरून नोंद होती : 'ओढ्यावरचा पूल पाण्याखाली. वाडीत गाडी पाठवू नये.' पाणी उतरून महिने झाले होते. मी ती नोंद डिलीट केली आणि नाव पुन्हा घातलं. ते पुन्हा गेलं. आता कारण वेगळं होतं : 'या वाडीचे सभासद जनावर फाट्यावर आणतात.' तीही पुसली, तर सारांशावरून तिसरी तयार झाली. यातच दुपार झाली.

आमचे साहेब मागं येऊन उभे राहिले. "सगळी मेमरीच पुसून टाक. शिकतील नव्यानं."

"साहेब, कुठल्या जनावराला कुठलं इंजेक्शन सोसत नाही, तेही त्यातच आहे."

त्यांनी घड्याळ बघितलं. "डॉक्टर फाट्यावर पोचायला अर्धा तास आहे. वीस मिनिटांत जमलं नाही तर मी पुसणार."

त्या वेळी मला चंदगडकडच्या आमच्या शाळेतले क्लार्क आठवले. गुरुजींनी माझी जन्मतारीख अंदाजानं एक जून लिहिली होती. कॉलेजच्या प्रवेशाआधी मी शाळेत ती दुरुस्त करून घेतली, पण दुसऱ्या दाखल्यावरून जुनी तारीख परत येत राहिली. शेवटी क्लार्कनी मला समोर बसवून सांगितलं, "कागदावरून कागद केलेला असतो, पोरी. कुठला कशावरून केलाय ते आधी लिहून काढ. मग सगळे एका दमात बदल." स्वतःची सुट्टी मोडून ते माझ्याबरोबर तालुक्याला आले होते. ते नसते तर माझा प्रवेश हुकला असता.

प्रत्येक नोंदीखाली ती कुणी आणि कशावरून लिहिली हे दिसतं. मी वही उघडली आणि पुलाच्या नोंदीपासून एकेक उतरवत गेले. एकीतून दोन, दोनांतून चार. सात झाल्या. तिन्ही एजंटांचं मेमरीत लिहिणं थांबवलं. शेवटच्या नोंदीपासून वर येत, आधी पुसूनही परत उगवलेल्या धरून, सातही पुसल्या. इंजेक्शनच्या नोंदींना हात लावला नाही. मग एजंट सुरू केले, वाडीचं नाव घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. नाव जागेवर होतं.

"राहिलं की," साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. थोड्या वेळानं यादीसमोर डॉक्टरांची खूण उमटली. त्यांनी नाव बघितलं होतं आणि गाडी वाडीकडं वळवली होती.

चार वाजता मावशींचा फोन आला. मागं माणसांचा गलका होता.

"म्हशीला रेडी झाली. म्हस बी उभी ऱ्हायलीया. डॉक्टर च्या प्यायला बसल्यात."

"लई बरं झालं, मावशी."

"बरं झालंच. आता त्या गड्याला शानं केलंसा न्हवं?"

"केलंय."

"मग शेजारणीला सांगते. तिची गाय चार दिस झालं खाईना. फाट्यावर कोनी न्ह्यायची, म्हनून गप बसलीया."

त्या आठवड्यात साहेबांनी नियम केला : रस्त्याच्या आणि पाण्याच्या नोंदीला मुदत घालायची, मुदत संपली की ती आपोआप जाईल, आणि तिच्यावरून केलेल्या नोंदीही तिच्याबरोबर जातील. नियमाच्या कागदावर त्यांनी माझी सही घेतली.

पण मला खरा आनंद त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. मी फेरीची यादी उघडली. वाडीतली तीन घरं त्यात होती, गाय आजारी असलेलं घर सर्वांत वर. त्यातलं एकही नाव मी घातलेलं नव्हतं.