सबिहाच्या घरातला दुपारचा आवाज

आमच्या गल्लीत बातमी वर्तमानपत्राच्या आधी चंपाबाईच्या ओट्यावर येते. गेल्या महिन्यात तिथे आली ती अशी, की मुबश्शिर पेंटरच्या मागे राहिलेल्या त्याच्या बायकोच्या, सबिहाच्या घरात दुपारी कोणीतरी पुरुष असतो.

"घोगरा आवाज हाय व बाई. हसते बी! आन हे तर इद्दतीत बसेल हाय."

नवरा गेला की मुसलमान बाई काही महिने घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. ती इद्दत. आणि अशा घरात पुरुषाचं हसू! रिसोडात इतकी खमंग बातमी बऱ्याच दिवसांत नव्हती. आमची भिंत एकच, आवाज मला ओळखीचा वाटत होता; तरी मी वाटीत जवसाची चटणी घातली आणि निघाले. खात्री करायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये.

बातमी खोटी निघाली. आवाज सबिहाचाच होता. रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर बसून ती कॉमिक वाचत होती, आणि त्यातल्या भुताचं बोलणं पार छातीतून घोगरं काढत होती. मला बघून भूत गप्प झालं.

या भुताची ओळख करून द्यायची, तर आधी पेंटरची करून द्यावी लागेल.

मुबश्शिरभाई दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रिठदच्या फाट्यावर खताच्या दुकानाची पाटी आहे, ती त्याचीच. धावत्या एसटीतून वाचता येते. गिऱ्हाइकाला पाटीवर आजोबांचं नाव, दोन देव आणि तीन फोन नंबर हवे असायचे. हा ब्रश खाली ठेवून भांडायचा, "जितलं कमी लिहाल, तितलं दुरून दिसते!" आणि एका पाटीचा रंग वाळेपर्यंत उकिडवा बसून कॉमिक वाचायचा. मी काय सोडते!

"पेंटर, दाढी पांढरी झाली, आता तरी चित्रायची पुस्तकं सोडा."

"लिलाबाई, तुमी लोकायच्या खिडकीत पाह्यता, मी चौकटीत पाह्यतो. माह्या पाह्यण्यानं कोणाचं घर तं नाई मोडत!"

लोकांना वाटतं कॉमिक म्हणजे जुनी गोष्ट, लहानपणी संपलेली. पेंटरचे लाडके लेखक मात्र आत्ताचे, लिहिते. लग्न होऊन कारंज्याला गेलेली त्याची लेक आयत मोबाईलवरून मागवायची, पार्सल इथे यायचं. एक हरीओम. त्याचं भूत विजेच्या खांबावर राहतं आणि लाईट गेली की अंधाराला भिऊन खाली उतरतं. चित्रांतल्या तोंडांचे फुगे बोलण्यानं तुडुंब. पेंटर खो खो हसायचा आणि वर म्हणायचा, "लेकाचा पाटी भरून टाकते!" दुसरी वर्षाराणी. हिची चंद्री म्हणजे खेड्यापाड्यांच्या एसटीतली कंडक्टर. हिच्या गोष्टीत पानंच्या पानं एक अक्षर नाही. नुसती खिडकी, तिकीट, कोणाचा तरी हात. माझ्यासारखीला ते पैसे वाया गेल्यासारखं वाटे.

"थे हाये ना लिलाबाई, आपल्याले सांगत नाई. आपल्या शेजारी येऊन बसते," पेंटर म्हणायचा. "मले पाट्यायत हेच करायचं होतं. पण पाटीले दुकानाचं नाव लागते."

मग साखरेनं त्याचे डोळे नेले. आधी बारीक अक्षरं गेली, मग चित्रं, मग सबिहाचा चेहरा. ब्रश डब्यात उभेच वाळले.

तेव्हा सबिहा वाचायला बसली. हरीओम सोपा होता, वाचायचं आणि आवाज काढायचा. अडलं वर्षाराणीपाशी.

"इथं काई लिहेलच नाई जी."

"मंग दिसते थे सांग."

सबिहाची शाळा उर्दूची, पुस्तक उजवीकडून उघडायची. मराठी अक्षर समोर असलं की डोळे डावीकडून चालत. अक्षरच नाही म्हटल्यावर हात सवयीनं मागच्या पानावर गेला आणि बोट उजवीकडून डावीकडे निघालं. तिनं सांगितलं, की चोराला पकडलं, मग तो सुटून पळाला, मग त्यानं गर्दीत शिरून म्हाताऱ्याचं पाकीट हळूच म्हाताऱ्याच्या खिशात ठेवलं. पेंटर आधी बुचकळ्यात पडला. मग इतका हसला की भिंतीपलीकडे मी भाकर करपवली.

"सबिहा, तुह्या हातात चोर बी शरीफ होऊन राह्यला!"

पुढे ती सरळ सांगायला शिकली. तो एकेका चौकटीत तिला थांबवायचा. ऊन कोण्या बाजूनं हाय? चंद्रीचा हात कुठं हाय? जिनं जन्मात चित्राकडे धड पाहिलं नव्हतं, ती सांगू लागली, "अंगठा तिकिटाच्या मशीनवर हाय, पण दाबत नाई. खिडकीच्या बाहीर पाहून राह्यली." पेंटर म्हणायचा, "पाह्य, रडू आलं तिले. वर्षाराणीनं रडू देलं नाई." या नवराबायकोचं चाळीस वर्षांत झालं नसेल इतकं बोलणं मी त्या दुपारांत भिंतीला कान लावून ऐकलं.

शेवटची गोष्ट एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. दोघं रोज चंद्रीच्या गाडीत एकाच सीटवर. म्हातारा वाळत चाललेला. भाग संपला तो तिथे, जिथे म्हातारा दांड्याला धरून उभा राहतो. पुढचं पुढच्या भागात.

"उतरते का बसते व?" पेंटर विचारायचा. आयतचा फोन आला की आधी तेच, "पुढचा भाग निंघाला काय?" त्याची किडनी गेली, बोलणं कमी झालं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मान दाराकडे वळायची.

पार्सल आलं तेव्हा त्याला मातीत ठेवून माणसं नुकती परतली होती.

मी चटणी घेऊन गेले त्या दुपारी ते खाटेवर, त्याच्या उशीवर होतं. बंद.

"भूत वाचतेस, मंग हे काहून नाई वाचत?"

"भूत एकटीले वाचता येते," सबिहा म्हणाली. "याच्यात विचारणारं लागते."

माझी जीभ पहिल्यांदाच कामाला आली. "मी काय मेली काय? सारी गल्ली विचारून खातो मी. फोड."

तिनं दातानं टेप तोडली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि मागच्या पानापासून उघडलं.

"अवं, उलटं धरलं तू!"

"ठाऊक हाय मले."

मग मी तिच्या शेजारी सरकून बसले. तिनं उजवीकडे बोट ठेवलं.

"सीट खाली हाय. कोणीच नाई."

"ऊन कोण्या बाजूनं हाय?" मी विचारलं.

तिचं बोट थांबलं. डोळे भरले, पण तिनं सांगितलं. "सीटवरच पडेल हाय ऊन." मग पान उलटलं. "आता म्हातारी आली. एकटी हाय. पिशवी शेजारी ठेवली, कोणी बसू नाई म्हणून." पुढचं पान. "दवाखान्याचा थांबा. चंद्रीनं दार धरलं. म्हाताऱ्याचा पाय रस्त्यावर हाय... आता पायरीवर... आता वर आला."

"म्हातारी काय करून राह्यली?"

"हात देऊन राह्यली त्याले."

उरलं ते पहिलं पान. त्यात दोघं सीटवर, म्हाताऱ्याचं डोकं खिडकीला, तिचा हात त्याच्या गुडघ्यावर. सबिहानं त्या हातावर बोट ठेवलं. मग खाटेकडे वळून म्हणाली, "बसला जी. म्हातारा बसला."

तिनं पुस्तक मिटून परत उशीवर ठेवलं. मी वाटी रिकामी करून उठले. दारात खोड काही गेली नाही.

"आता चंपाबाईले काय सांगू व? तिले तं घरात घोगऱ्या आवाजाचा माणूस पायजे."

सबिहानं पदरानं डोळे पुसले.

"सांग तिले, माणूस नाई म्हणूनच आवाज काढा लागते."