छावणीच्या डब्यांची तीनचाकी

तीन चाकांची मोटारसायकल पडत नाही. ती बाकीच्यांना पाडते. हे मला आता पक्कं ठाऊक आहे. पण त्या दुष्काळाच्या साली आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं.

त्या साली माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला होता आणि आमच्या विहिरीत पोरांनी क्रिकेट खेळावं अशी अवस्था होती. (खेळले नाहीत, कारण चेंडू बाहेर गेला तर वर चढून कोण आणणार?) दूध सोसायटीनं वडवणी रस्त्यावरच्या माळावर चारा छावणी काढली होती आणि गावातली झाडून सगळी जनावरं तिथं नेऊन बांधली होती. जनावरांपाशी प्रत्येक घरातला एक माणूस मुक्कामाला असायचा. जनावरांना ऊस आणि पेंड सोसायटी द्यायची; माणसांची भाकरी मात्र ज्याच्या त्याच्या घरून यायची. म्हणजे रोज दुपारी चाळीसेक डबे गावातून छावणीत पोचवायला हवेत.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे चेअरमन. दूध आटल्यामुळं सोसायटीची दूध गोळा करायची मोटारसायकल नुसती उभी होती. दादांनी ती माजलगावच्या करीमभाई मिस्त्रींकडे नेली. करीमभाईंनी तिचं मागचं एक चाक काढलं, तिथं दोन बसवली, त्यावर लोखंडी हौदा चढवला, आणि वर लाल रंग मारून दिला. गाडी दारात आली तेव्हा दादा मला म्हणाले, "सिद्या, घरातला एक जन म्हशींपाशी पायजे अन् एक जन गाडीवर. तुला काय जमतंय ते बोल."

"गाडी!" मी वाक्य संपायच्या आत ओरडलो.

आता मला गाडीच का हवी होती, हे सांगायला हवं. माझं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. गाडीवाला संध्याकाळी घरी. म्हशीवाला रात्रंदिवस माळावर, घोरणाऱ्या चाळीस माणसांच्या मधोमध! बायकोचं नाव संगीता. ती दाराआडून ऐकत होती, आणि मी 'गाडी' म्हटल्यावर आत भांडं जरा जास्तच खुशीत वाजलं.

शिवाय गाडीत मी काही कच्चा नव्हतो. दोन्ही बाजूंना दुधाच्या भरल्या किटल्या लावून मी वळणावर असा झुकायचो की पारावर बसलेली म्हातारी माणसं डोळे मिटून घ्यायची. गाडी पोचवायला आलेल्या करीमभाईंनी मला बाजूला घेतलं.

"सिदूभाई, दोन बाता ध्यानात ठेवा. वळताना झुकायचं न्हाई, नुसतं हँडल फिरवायचं. अन् थांबताना पाय खाली टाकायचा न्हाई."

"करीमभाई, मला दोन चाकांची सवय आहे, तीन म्हणजे काय..."

"दोन चाकांची सवय हाय, म्हनूनच तर सांगालो!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

पहिली फेरी ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत घ्यायची ठरली. तिथंच पाण्याचा टँकर यायचा. त्या दिवसांत आमच्याकडे टँकरच्या रांगेत माणसं उभी राहत नसत. घागरी उभ्या राहत. सकाळी आपली घागर रांगेत ठेवायची आणि कामाला जायचं. घागरीची जागा तीच मालकिणीची जागा. त्या दिवशी रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती.

मी गाडी सुरू केली, ऐटीत पुढं घेतली, वळण आलं आणि सवयीनं झक्कपैकी उजवीकडे झुकलो. मी उजवीकडे गेलो. गाडी सरळ गेली! अजून झुकलो. गाडी अजून सरळ गेली! माझं अर्धं अंग हवेत, आणि समोर घागरींची रांग. ठण्ण! ठण्ण! ठण्ण! स्टीलच्या, पितळी, प्लॅस्टिकच्या, सगळ्या जातीच्या घागरी एकमेकींच्या अंगावरून गडगडत निघाल्या. एक तर थेट ग्रामपंचायतीच्या ऑफिसात शिरली आणि ग्रामसेवकाच्या टेबलाखाली जाऊन बसली.

घागरींना फार काही झालं नाही. झालं ते रांगेचं. घराघरांतून बाया धावत आल्या आणि बघता बघता पहिल्या नंबराच्या निदान दहा जणी निघाल्या.

"माजी पयली व्हती! पहाटंच ठिवली व्हती म्या!"

"तुजी कावून पयली? तुज्या घागरीला पोचा हाय, हिला कुटं हाय पोचा?"

"आता आला की न्हवं पोचा! इचार की त्या सिद्याला!"

सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. मी मोठ्या रुबाबात, काही झालंच नाही अशा थाटात, गाडी थांबवायला पाय खाली टाकला. आणि गाडी पुरती थांबलेली नव्हती. दोन चाकांच्या गाडीत पायाच्या मागं काही नसतं. तीन चाकांच्या गाडीत पायाच्या मागं तिसरं चाक असतं, आणि ते शांतपणे माझ्या पंजावर येऊन उभं राहिलं. स्वतःच्याच गाडीखाली स्वतःचाच पाय, आणि वर स्वतःच बसलेला! शेवटी त्याच बायांनी गाडी ढकलून माझा पाय मोकळा केला. भांडण तेवढ्यापुरतं थांबलं, एवढाच काय तो माझा उपयोग झाला.

संध्याकाळी छावणीतून दादांचा फोन आला. "घागरी पाडल्या म्हनं?"

"पाडल्या नाही दादा. जरा हलल्या."

"उद्या डबे हलले तर म्हशींपाशी यायचं. कपडे घिऊनच ये."

फोन ठेवला तेव्हा संगीता समोर उभी होती. तिनं मला अंगणातल्या बाजेवर बसवलं आणि हातात सूप दिलं. "हे हँडल. आता मी म्हनंल तसं वळायचं. उजवीकडं!"

मी उजवीकडे झुकलो.

"झुकू नका! नुसतं सूप फिरवा. डावीकडं!"

मी डावीकडे झुकलो, आणि बाजेसकट कलंडलो. आई चुलीपुढं हसून हसून बेजार झाली. संगीताला मात्र हसू आलं नाही. ती म्हणाली, "अहो, तुमाला खरंच माळावर जाऊन राह्यचंय का?" मी दात-ओठ खाऊन पुन्हा बसलो. ती बाजेपुढं पदर खोचून उभी, मी सुपाला धरून. अंधार पडेपर्यंत आम्ही अंगणातल्या अंगणात बीडपर्यंत जाऊन आलो असू. शेवटच्या काही वळणांना मी झुकलो नाही. तिनं खूश होऊन सूप काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौद्यात फडक्यांत बांधलेले डबे रचले आणि मी निघालो. रस्त्यात खड्डे. दोन चाकांना एकच वाट लागते, खड्डा दिसला की बाजूनं निघता येतं. तीन चाकांना तीन वाटा! पुढचं चाक वाचवलं की डावं खड्ड्यात, डावं वाचवलं की उजवं. तरीही मी एकदाही झुकलो नाही, एकदाही पाय टाकला नाही. छावणीचं फाटक दिसलं तेव्हा मी मनातल्या मनात घरी पोचून हात-पाय धुऊन बसलोसुद्धा होतो.

फाटक म्हणजे दोन वासे. त्यातल्याच एका वाशाला छावणीवरच्या हिरव्या जाळीचा दोर बांधलेला. जाळीखाली म्हशी सावलीला उभ्या, आणि माणसं डब्यांची वाट बघत ओळीनं मांडी घालून बसलेली. मधोमध दादा.

मी हँडल फिरवलं. झुकलो नाही! पुढचं चाक फाटकातून अगदी मधोमध गेलं. मी गेलो. मी दादांकडे बघून हात वर केला. पण माझ्या मागं माझ्यापेक्षा हातभर रुंद हौदा येतोय, हे सूप धरून शिकलेल्या माणसाला कसं आठवणार? उजव्या चाकानं वासा धरला आणि सोबत घेतला. वाशाबरोबर दोर आला, दोराबरोबर जाळी आली, आणि सगळी छावणी हिरव्या जाळीखाली गडप झाली!

पुढचं काही नीट दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. म्हशी हंबरत होत्या, माणसं ओरडत होती, आणि हौद्यातले डबे एकेक करून खाली उतरत होते. जाळी मधोमध फुगली, हलली, आणि कडेनं दादांचं डोकं बाहेर आलं. टोपी आतच राहिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उलटलेल्या डब्यांकडे पाहिलं, आणि हात पुढं केला.

"किल्ली."

मी किल्ली दिली.

"कपडे आनलेत का बे?"

मी कपडे आणले नव्हते. एवढा मला स्वतःवर विश्वास होता!

जेवणाचं म्हणाल, तर फडकी सुटली होती, डबे उघडले होते. कुणाची भाकरी कुठली आणि कुणाचं कालवण कुठलं, काही पत्ता लागत नव्हता. भूक लागलेली. ज्याच्या पुढ्यात जे आलं ते त्यानं खाल्लं. जवळच बसलेले पाटलांचे तात्या बोटं चाटत म्हणाले, "ही जवसाची चटनी कुनाकडची हाय?"

"आमची," दादा म्हणाले.

"मंग उद्यापून जरा जास्त टाकायला सांगा." (हे तात्या आमच्या घरी आजवर कधी चहालासुद्धा थांबले नव्हते.)

एवढी एक गोष्ट सोडली तर माझ्या बाजूनं बोलायला काही नव्हतं. रिकामे डबे घेऊन दादा स्वतः गाडीवर बसले. "धा मिन्टात शिकतो," म्हणाले, आणि गेले. मी म्हशींपाशी राहिलो. मोठी म्हैस माझ्याकडे बघून रवंथ करत राहिली. तिला दादांची सवय होती, माझी नव्हती, आणि हे तिनं शेपटीनं दोनदा माझ्या तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. लाल गाडी दिसली. पण गाडीवर दादा नव्हते. दादा हौद्यात डब्यांच्या मधोमध बसले होते, उजवा पंजा फडक्यात गुंडाळलेला. आणि हँडल धरून, पदर खोचून, ताठ बसली होती ती संगीता!

उभ्या जन्मात जिनं सायकलला हात लावला नव्हता, ती फाटकापाशी आली, गाडी हळू केली, आधी मागं वळून हौद्याच्या दोन्ही बाजू बघितल्या, मग हँडल फिरवलं आणि सरळ आत आली. वासा जागच्या जागी.

"हे कसं काय?" मी दादांना विचारलं.

दादा पायाकडे बघत म्हणाले, "म्या थांबताना जरा पाय टाकला."

मी संगीताकडे वळलो. "तुला कुणी शिकवलं?"

"तुमीच की! परवा बाजंवर तुमी झुकत हुता, अन् मी म्हनत हुते झुकू नका. मला झुकायची सवयच न्हाई, तर इसरायचं काय हुतं?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "अन् आमचा डबा सगळ्यात शेवटी काढा. आपन दोघं तिकडं बाभळीखाली बसू."

दादांनी लगेच टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मला इतका आनंद झाला की मी चाळीस डबे पळत पळत वाटले. छावणी उठेपर्यंत मी म्हशींपाशीच राहिलो, पण त्या बाभळीखालचं जेवण एक दिवस चुकलं नाही. घरी राहिलो असतो तर बायको रोज दुपारी गाडी घेऊन मला भेटायला आली असती का?

गाडी अजून आमच्याकडे आहे. चालवते संगीताच. बाजाराला निघालो की मी मागं हौद्यात बसतो, पिशव्या सांभाळत. वळण आलं की अजूनही माझं अंग आपोआप झुकतं, आणि ती मागं न बघताच म्हणते,

"अहो, सरळ बसा!"