सोनगीरचा किल्ला (माहिती : माझे वडील)

मी माझ्या सासऱ्यांना आयुष्यात कधी थापाड्या म्हणालेलो नाही. ते काम माझ्या मुलीने केलं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, माइकवरून, आणि शेवटी माझं नाव घेऊन.

तेव्हा आम्ही धुळ्याला होतो. मी सरकारी कचेरीत कारकून, वैशाली आठवीत. तिच्या बोरसे बाईंनी 'आपल्या परिसरातील किल्ला' असा प्रकल्प दिला. सोनगीर जवळ, म्हणून सगळ्या वर्गाने सोनगीर निवडला आणि सगळ्या वर्गाने तो एकाच गाइडमधून उतरवून काढला. गाइडमध्ये छपाईची एक चूक होती. 'किल्ल्यावर एक खोल विहीर आहे' याऐवजी 'किल्ल्यावर एक खोल वहिनी आहे' असं छापलं होतं. अख्ख्या वर्गाने ती वहिनी जशीच्या तशी उतरवली! (एका मुलीने तर तिचं चित्रही काढलं होतं, डोक्यावर पदर घेतलेलं.)

बाई भडकल्या. "पुन्हा लिहा! आणि प्रत्येक माहितीपुढे ती कोणाकडून मिळाली ते लिहा. नाव न सांगता दुसऱ्याचं घेणं म्हणजे चोरी!"

मला हे फारच पटलं. जेवताना मी व्याख्यानच दिलं. "वैशू, एक वाक्यसुद्धा नाव लिहिल्याशिवाय घ्यायचं नाही. कोणाचंही!"

"कोणाचंही?"

"कोणाचंही!"

"तिला एवढं ठासून सांगू नका," माझी बायको शैला म्हणाली. "ती ऐकते."

सोनगीर हे शैलाचं माहेर. रविवारी वैशाली तिच्या आबांकडे गेली. आबा तांब्यापितळेची भांडी घडवायचे. हातोडीच्या तालावर त्यांनी नातीला इतिहास सांगितला, "आमना खापरपणजोबा या किल्लाना किल्लेदार व्हता! त्यासना घोडा तटवरथीन उडी मारे!"

संध्याकाळी पोरगी परत आली. "बाबा, हे खरं का?"

माझ्या तोंडात भरीत होतं. भरीत तोंडात असलं की मी मोकळेपणाने बोलतो. "आबांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, बेटा."

"माझ्या वडिलांना नावं ठेवायची नाहीत!" शैला कडाडली. "घोडा नव्हता, गाढव होतं, हे मलाही माहीत आहे. किल्ल्यावर पाणी वाहायचं ते. पण बोलायची काही रीत असते!"

वैशाली कोपऱ्यात काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, गणितं सोडवतेय.

प्रकल्प पहिला आला! गॅदरिंगमध्ये वाचून दाखवायचा ठरला. आबांना कळल्यावर ते एसटीने आले, कडक इस्त्रीची टोपी घालून, आणि सोबत गावातली चार माणसं घेऊन. "मन्हा खापरपणजोबानं नाव माइकवर येवाव शे," असं ते स्टँडपासून प्रत्येकाला सांगत होते. पहिल्या रांगेत त्यांना बसवलं आणि मी कौतुकाने मुलीचा प्रकल्प पहिल्यांदाच उघडला.

शेवटच्या ओळीत माझा उल्लेख दिसला. मी स्टेजमागे धावलो.

"बाई, ही शेवटची एवढी ओळ गाळता येईल का?"

"छे! तीच तर खरी मेहनत आहे तिची."

"मग निदान त्यापुढचं माझं नाव गाळा."

"ती चोरी होईल, भाऊ."

"बरं, मग शेजाऱ्यांचं नाव घाला!"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते गाइड मीच छापलं होतं. तोवर वैशालीचं नाव पुकारलं गेलं. मी तिला गाठून एवढंच म्हणू शकलो, "बेटा, निदान हळू वाच."

ती खणखणीत वाचायला लागली.

"किल्लेदार आमचे पूर्वज होते. त्यांचा घोडा तटावरून उडी मारत असे. माहिती : माझे आबा."

आबांनी मागे वळून चारही माणसांकडे पाहिलं.

"तो घोडा नसून गाढव होते. ते पाणी वाहत असे. माहिती : माझी आई."

मैदान हसायला लागलं. शैलाने पदर तोंडावर ओढला.

"आबांच्या माहितीपैकी निम्मी सोडून द्यावी. माहिती : माझे वडील, भरीत खाताना."

सगळ्यात जोरात टाळ्या मुख्याध्यापकांनी वाजवल्या.

कार्यक्रम संपला. आबा शांतपणे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "जवाईबापू, पोर हुशार शे. बठ्ठासनं, सगळासनं नाव लिखं तिनी."

"आबा, ते शैलानेच गाढव..."

"शैली मन्ही पोर शे, तिनं चाली जाई. तुमनं सांगा. मन्हं कोणतं निम्मं सोडी देवानं?"

त्यानंतर कितीतरी दिवस सोनगीरला गेलो की आबा पाहुण्यांना गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचे आणि अदबीने विचारायचे, "जवाईबापू, हाई धरू का सोडू?" आणि मी मान खाली घालून म्हणायचो, "धरा, आबा, धरा." अशा रीतीने तो घोडा पुढे तटावरून थेट धुळ्याच्या पांझरा नदीपर्यंत उडी मारू लागला, आणि त्याला साक्षीदार मी!

पुढच्या वर्षी 'माझे कुटुंब' हा विषय आला. या वेळी मी सावध होतो. वैशालीला समोर बसवून माझं बालपण, माझी हुशारी, कॉलेजातली माझी कुस्ती, सगळं व्यवस्थित सांगितलं. प्रकल्प पाहिला तर माझ्या नावाखाली फक्त एक ओळ.

"अगं, बाकीचं कुठे गेलं?"

"बाई म्हणाल्या, लिहिण्याआधी खात्री करून घ्या. म्हणून मी आईला विचारलं," ती म्हणाली. "तुमची जन्मतारीख तेवढी बरोबर निघाली."