‘मेला’च्या जागी ‘आला’

“अगं, टोपली नाही आणलीस?”

डोंबिवलीत मानपाड्याकडच्या एका मोठ्या सोसायटीचा वर्धापनदिन होता. विचारणाऱ्या सेक्रेटरीबाई. मी कोळीगीतं गायला आलेली, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, हातात वही. वहीतली गाणी माझी, चालीही माझ्याच. बाईंनी प्लॅस्टिकचे मासे भरलेली टोपली पुढे केली. “हिला वास नाही येत,” म्हणाल्या. बाकीच्या हसल्या. मीही हसले, टोपली घेतली. त्याची मला अजून लाज वाटते.

मग त्यांनी वही चाळली. गाणं आमच्या खाडीवरचं. कारखान्यांचं पाणी आलं आणि म्हावरा मेला, असं. म्हावरा म्हणजे मासळी. त्या पाण्यापायीच बाबांनी जाळं टाकणं सोडलं. बाई म्हणाल्या, “चाल गोड आहे गं. फक्त ‘मेला’च्या जागी ‘आला’ कर. मात्रा तितक्याच आहेत. नंतर लोकांना जेवायचंय.”

मात्रा खरंच तितक्याच होत्या. मी शब्द बदलला. एवढा मोठा स्टेज पुन्हा कोण देणार, असं मनाला समजावलं.

ढोलकीवर बाबा होते. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. ‘म्हावरा आला’ म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढून नाचायला उठल्या. बाबांचा हात थांबला. माझ्याकडे बघत हळू म्हणाले, “बाय, कंचा म्हावरा आयला गो?”

ज्या माणसाची खाडी गेली, त्याच्याच ढोलकीवर मी खोटं गात होते. संताप आला. बाईंचा नंतर, आधी स्वतःचा.

टोपली खाली ठेवली. बाबांना म्हटलं, ढोलकी नको. गाणं पहिल्यापासून धरलं. ‘म्हावरा मेला.’ बायका दोन पावलं नाचल्या, मग गोंधळून उभ्या राहिल्या. बाईंनी माइक बंद करायला लावला. मी तशीच शेवटपर्यंत गायले. एक टाळी पडली नाही.

आजही कुठल्या ना कुठल्या मंडळाचा फोन येतो. “काहीतरी ठेक्याचं घ्या ना मॅडम, कोळीगीत.” शिकलेली, सुस्थितीतली माणसं. आमच्या मरणावरही यांना ठेका हवा. डोकं फिरतं माझं. म्हणून आता मी चालीच अशा बांधते की त्यावर पाय हलणार नाही. खुर्चीत बसून शब्द न् शब्द ऐकावा लागेल. आणि त्यातला एकही मी बदलणार नाही. ज्यांना चालत नसेल, त्यांनी मला बोलावू नये.