पाय टेकण्यापुरती जागा

आमच्या टाउनशिपमध्ये पहिल्या पाळीचा भोंगा वाजायच्या आधीचा अर्धा तास सायकलींचा असे. आनंद नगरकडून आणि आसपासच्या वस्त्यांतून कामगार कारखान्याच्या गेटकडे निघत, आणि बाजाराच्या रस्त्यावर मावशींच्या दुकानापुढे त्यातले कितीतरी जण दोन मिनिटं थांबत. सायकलवरून उतरत मात्र कोणी नसे. दुकानापुढे एक लांब दगडी पायरी होती. डावा पाय तिच्यावर टेकायचा, डबा हँडलला तसाच लटकलेला, आणि मावशी हातात पोह्यांचा द्रोण द्यायच्या, वर झणझणीत तर्री. इकडे भोपाळला पोह्यांबरोबर जिलेबी खातात. मावशी नागपूरच्या, त्यांनी अख्ख्या पाळीला तर्रीची चटक लावली होती. द्रोण संपला की पाय उचलायचा आणि पुढे सुटायचं.

त्या काही माझ्या सख्ख्या मावशी नव्हत्या. त्यांचे यजमान कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मग दोघांचं घर त्या पोह्यांवरच चाललं. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद त्यांच्याच हातचा असायचा, आणि मी दिसलो की माझ्या हातावर दुप्पट पडायचा. माझी आई दूर पुण्यात, म्हणून असेल.

मी टाउनशिपच्या बांधकाम विभागात इंजिनिअर होतो. टेम्पो आणि स्कूटर वाढल्या, सायकलवाल्यांना धक्के बसू लागले, तेव्हा बाजारापासून गेटपर्यंत सायकलींसाठी वेगळी वाट बांधायचं ठरलं आणि आराखडा माझ्याकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आपलं म्हणावं असं काम मिळालं होतं. मी हवेत होतो.

बाजार मात्र पेटला. कापडवाले शेठ सगळ्यांना घेऊन ऑफिसात आले. "इंजिनियर साहब, स्कूटर खड़ी नहीं होगी तो गिराहक क्या उड़ के आएगा?" सगळ्या रस्त्यावर माझ्या बाजूने बोलणारं एकच माणूस निघालं. "माह्याकडे कोन येते? सायकलवालेच ना!" मावशी भर बाजारात म्हणाल्या. "तू बांध बाप्पा. बिनधास्त बांध."

दुकानदार या वाटेवर सामान मांडतील, स्कूटर उभ्या करतील, हे मी ओळखून होतो. म्हणून रस्त्याच्या बाजूने जसा लोखंडी पाइपांचा कठडा, तसाच दुकानांच्या बाजूनेही आखला. बाजाराच्या या टोकाला आत शिरायचं ते थेट त्या टोकाला बाहेर पडायचं. कागदावर ती रेघ फार देखणी दिसत होती.

खांबांसाठी खड्डे पडले तेव्हा मावशींच्या लक्षात आलं. हातात चकल्यांचा डबा घेऊन त्या ऑफिसात आल्या.

"सारं बांध, पन माह्या पायरीपुढे दोन सायकली थांबतीन एवढी जागा सोडजो. पाय टेकाले."

त्यांचं बरोबर होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, आज सुचलेलं शहाणपण नव्हे. थांबायला जागा नसलेली वाट बाजारातून नेणं हाच मूर्खपणा होता. पण परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हा मराठी लोकांना एक खोड असते. आपण आपल्या माणसाचं काही केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून आम्ही आपल्याच माणसाशी जास्त ताठ वागतो. ऑफिसात माझी ख्याती कायद्याचा माणूस अशी होती आणि ती मला भलतीच प्रिय होती. हीच मागणी शेठजींनी केली असती तर मी नकाशा उघडून बघितला तरी असता.

"मावशी, तुमच्यापुढे जागा सोडली तर म्हणतील, मराठी होत्या म्हणून सोडली."

"मराठी हाव म्हनूनच तं नाही सोडून राहिला तू," त्या म्हणाल्या, आणि डबा टेबलावर ठेवून गेल्या. चकल्या मी परत पाठवल्या. तेही कायद्यानेच.

वाट झाली. सायकली झकास धावू लागल्या, आणि मावशींच्या पायरीसमोरून न थांबता निघून जाऊ लागल्या. पोह्यांसाठी टोकाला बाहेर पडून, सायकल हातात धरून, मागे चालत यायला भोंग्याच्या आधी कोणाला वेळ होता? काही जण कठड्यावरून हात लांब करून द्रोण घ्यायचे, पण मागच्यांच्या घंट्या सुरू व्हायच्या. महिन्याभरात तेही बंद झालं.

इकडे बाकीच्या दुकानदारांनी पंधरा दिवसांत करवत आणली. ज्याने त्याने आपापल्या दारापुढचे पाइप कापले. मी नोटिसा काढल्या. साहेब म्हणाले, जाने दो. आणि त्या फटींतून बाजार भरला. आता वाट सुरक्षित, म्हणून घराघरातल्या बायका आणि कॉलेजच्या मुली सायकली घेऊन येऊ लागल्या. सगळ्यात जास्त ओरडलेले शेठजी सगळ्यात जास्त फुलले. मला भेटले की मिठाई खाऊ घालायला बघत.

मावशींनी तेवढे आपल्या पायरीपुढचे पाइप कापले नाहीत. मी रोज स्कूटरवरून जाताना बघायचो आणि मनात म्हणायचो, कापा ना, मी बघणार नाही. हे तोंडाने सांगायला मात्र कधी उतरलो नाही. मला लाज वाटत होती आणि मी तिला घाई म्हणत होतो.

दुकान बंद करून ती दोघं नागपूरला दिराकडे निघाली, तेव्हा मी गेलो. मावशी पातेली पोत्यात बांधत होत्या. मी विचारलं, "सगळ्यांनी कापलं. तुम्ही का नाही कापलंत?"

"गनपतीत साऱ्यायले सांगतलं होतं ना मी, आपल्या पोरानं बांधलं म्हनून," त्या म्हणाल्या. "मंग मीच कशी कापू?"

मी पोत्याचं एक टोक धरलं.

आता मी निवृत्त होऊन भोपाळातच अयोध्या नगरात राहतो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळी सायकल काढतो आणि कधी कधी त्या वाटेने जातो. कामगारांच्या सायकली राहिल्या नाहीत. कठडा दर दुकानापुढे तुटलेला आहे, गंजला आहे, कुठे कुठे नाहीसाच झाला आहे. त्या पायरीपुढे सायकल थांबवली की माझा डावा पाय टेकायला आपोआप बाहेर येतो आणि पाइपाला अडतो. सबंध वाटेत तेवढाच तुकडा मी आखला तसा उभा आहे.