आष्टीचं खातं

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात डब्यांची एक रांग होती आणि प्रत्येक डब्याच्या तळाशी पैसे असायचे. तुरीच्या डाळीत किराण्याचे, शेंगदाण्यात दवाखान्याचे, गव्हाच्या कोठीत पाहुण्यारावळ्यांचे. किराण्याला कमी पडले तरी दवाखान्याच्या पैशांना ती हात लावायची नाही. वडील हसायचे. "अगं, सगळा पैसा एकच की!" आई म्हणायची, "एक कसा? डबे येगळे हायत न्हवं?"

मेथ्यांचा एक छोटा डबाही होता. तो तिचा स्वतःचा. मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पहिल्या पगारातून आपला एक डबा येगळा ठिव. अन् कशासाठी हाय ते कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलं की संपलं."

माझी पहिली शाळा आष्टी तालुक्यात. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, आणि उरलेला अर्धा वर्ग माझं डोकं खायचा. पहिला पगार झाला तेव्हा आष्टीच्या पोस्टमास्तरांनी सांगितलं, "बाई, पीपीएफचं खातं काढा. व्याजावर टॅक्स न्हाई. पंधरा वर्षं बिनघोर." म्हणजे हा मेथ्यांचाच डबा, फक्त सरकारी, असं म्हणून मी खातं काढलं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, दिंद्रुडला बदली झाली. खातंही आपल्याबरोबर बदलून नेता येतं हे मला ठाऊक होतं. पण मुलीच्या लग्नाचे पैसे मेथ्यांच्या डब्यात कसे टाकायचे? म्हणून दिंद्रुडला दुसरं खातं काढलं. नंतर मुलगा झाला, बीडला बदली झाली आणि तिथं त्याच्या शिक्षणासाठी तिसरं. एका माणसाला असं एकच खातं काढता येतं, हे फॉर्मवर छापलेलं असतं म्हणे. त्याखाली माझ्या सह्या आहेत, सुंदर वळणदार. वर्गात "प्रश्न नीट वाचा रे" म्हणून घसा कोरडा करणारी बाई ती मीच.

मुलीच्या लग्नाचं आणि मुलाच्या शिक्षणाचं खातं घरात सगळ्यांना माहीत होतं. आष्टीच्या खात्याबद्दल आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं, "ते कावून ठेवलंय? कशासाठी?" मी म्हणाले होते, "असंच." आईची आज्ञा.

आता सांगते ते कशासाठी होतं. दिंद्रुडला असताना आम्ही माजलगावला राहायचो. हे एसटीत वाहतूक नियंत्रक. घरात एसटीचा पास, त्यामुळे प्रवास फुकट. पण शाळा सुटायची आणि एसटी निघून गेलेली असायची. मग फाट्यावर उभं राहायचं आणि काळीपिवळी जीप आली की तिच्यात कोंबून घ्यायचं. बाईमाणूस म्हणून मला पुढं जागा मिळायची, ड्रायव्हर आणि आणखी दोघांच्या मध्ये, बरोबर गिअरपाशी. दर वळणाला ड्रायव्हर म्हणायचा, "मॅडम, पाय घ्या." मी पाय घ्यायची. गुडघे एका बाजूला, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, आणि नजर त्याच्या हातावर. कधी क्लच दाबतो, कधी गिअर टाकतो, सगळं मला पाठ झालं होतं. एक दिवस हा दांडा माझ्या हातात असेल आणि पाय घ्या म्हणणारं कुणी नसेल, हे मी तिथं ठरवलं. एसटीवाल्याच्या बायकोनं गाडीचं स्वप्न बघायचं म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणण्यासारखं. म्हणून गप्प बसले आणि उरलंसुरलं आष्टीच्या खात्यात टाकत राहिले.

मुलीनं रजिस्टर लग्न केलं. मुलाचा सरकारी कॉलेजात नंबर लागला आणि तो शिकून नोकरीलाही लागला. तिन्ही खाती, मुदत वाढवत वाढवत, जशीच्या तशी राहिली. मी निवृत्त झाले आणि एके दिवशी बीडच्या पोस्टातून फोन आला, "मॅडम, कॉम्प्युटरवर तुमची तीन खाती दिसताहेत. येऊन जा."

आम्ही दोघं गेलो. रिक्षातच ह्यांनी त्या पैशांतून गच्चीवर एक खोली बांधून टाकली, खिडक्यांसकट.

खिडकीवरच्या मुलीनं शांतपणे समजावलं. तिन्ही खाती एकत्र करावी लागतील. एक मुख्य ठेवायचं. दुसरं त्यात व्याजासकट येईल. तिसऱ्याची मात्र नुसती मुद्दल येईल, व्याजावर पाणी सोडायचं. "तर मॅडम, तिसरं कोणतं धरू?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आष्टीचं धरा. ते असंच हाय."

हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. त्या खात्यात पैसे सगळ्यात थोडे, म्हणजे व्याजही थोडंच बुडणार. मी मान हलवली. पेनसुद्धा घेतलं. आणि ह्यांनी नेहमीच्या सवयीनं, कोपर खिडकीवर नीट टेकावं म्हणून, मला म्हटलं, "जरा सरक."

मी आयुष्यभर सरकत आले. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"आष्टीचं मुख्य राहील," मी म्हणाले. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता तो. "तिसरं बीडचं धरा. ज्याच्यासाठी काढलं तो शिकून कमवायला लागला."

"अगं, लई नुकसान हाय त्यात," हे कुजबुजले.

"असू द्या."

खिडकीवरच्या मुलीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि मला विचारलं, "नक्की ना मॅडम?" मी सही केली. ह्या वेळी वरचं सगळं वाचून.

बाहेर टपरीवर चहा घेताना ह्यांनी कप खाली ठेवला. "कावून केलंस असं?"

मग मी सांगितलं. फाटा, काळीपिवळी, गिअर, पाय घ्या, सगळं. सांगताना मला रडू आलं. त्याचा मला रागही आला.

हे म्हणाले, "एवढ्या वर्षांत कधी बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई." चिडले की माझी भाषा माहेरी जाते.

"इचारलं होतं," ते म्हणाले. "तू म्हणालीस, असंच."

खरं होतं ते. मी डबा इतका छान लपवला होता की तो वाचवण्यासारखा आहे हे कुणाला कळायलाच मार्ग नव्हता. आई म्हणाली होती, सांगितलं की संपलं. माझं तर न सांगितल्यानं संपत आलं होतं.

खोलीचा विषय निघाला नाही असं नाही, पण आधी गाडी आली. जुनीच, पांढरी. मी वर्ग लावून शिकले. घरी मात्र वाहतूक नियंत्रकांच्या ताब्यात. मी गाडी मागं घ्यायला लागले की हे मागं उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतात आणि थांबायचं झालं की डिकीवर दोन थापा मारतात. गल्लीतली पोरं आमच्या गाडीला लालपरीच म्हणतात.

मागच्या महिन्यात मुलगी माहेरपणाला आली. तिला घेऊन कपिलधारला निघाले. दोघीच. ती आधी दाराचं हँडल घट्ट धरून बसली होती, मग सैलावली. मला सहज आठवलं म्हणून विचारलं, "तुझं आहे का गं वेगळं खातं? स्वतःचं?"

"आहे की," ती म्हणाली.

"कशासाठी?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. "असंच."

मी गाडी बाजूला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला.

"आई, काय झालं?"

"काही नाही. आता मला सांग. आणि घरी गेल्यावर जावईबापूंना सांग, मोठ्यानं."

ती आधी हसली. मग लाजली. मग बोलायला लागली. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. कपिलधार आलं तरी तिचं सांगून संपलं नव्हतं, म्हणून मी तशीच पुढं गेले.