झापा होता तसा ठेवावा

दिल्लीला जाण्याची माझी सगळी तयारी झाली होती, फक्त निवड व्हायची राहिली होती.

ही सन पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याला कॉलेजात होतो आणि कवायतीच्या पथकात होतो. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी त्या वर्षी आमच्या पथकाला दोन जागा मिळाल्या होत्या. आमचे उस्ताद म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे हवालदार. त्यांनी ठरवलं की नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून शर्यत लावायची आणि जी जोडी पहिली येईल ती दिल्लीला पाठवायची. मी चाकणच्या पलीकडच्या गावचा, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला. रानातली शर्यत म्हणजे आपल्या अंगणातलीच, असं मी धरून चाललो. आईला तसं सांगून टाकलं. आईने गावाला सांगितलं.

माझा जोडीदार पुण्यातल्या पेठेतला, चष्मेवाला. त्याने ऊस रसाच्या गुऱ्हाळापलीकडे पाहिला नव्हता. हा गडी माझ्या वाट्याला आला म्हणून मी मनातून जरा खट्टू होतो.

निगडीच्या माळावर आम्हाला रांगेत उभं करून उस्तादांनी कुंपणांचे नियम सांगितले. तारेचं कुंपण ओलांडायचं ते खांबाला धरूनच. मधेच चढलं तर तार वाकते आणि वाकलेली तार सरळ करायला तुम्ही परत येत नाही. काट्यांची वई फोडायची नाही, झाप्यातूनच आत जायचं. बांबूला बाभळीच्या फांद्या बांधून शेताला जे फाटक करतात तो झापा. तो लावलेला असेल तर जाताना परत लावायचा, उघडा असेल तर उघडाच ठेवायचा. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, बांधाने चालायचं. जोडीतला एक चुकला तरी दोघं बाद.

माशाला पोहण्याचे नियम सांगावेत तसं मला वाटत होतं. मी जांभई दिली.

सुरुवातीलाच एका नव्या कारखान्यासाठी घेतलेली जमीन लागली. तिला कोरी करकरीत तार होती. जोडीदार खांबाला धरून, जिना चढावा तसा चढला आणि पलीकडे उतरला. मी वईत वाढलेला माणूस, तारेची मला सवय नव्हती. माझी खाकी चड्डी मागून वीतभर फाटली. उरलेली शर्यत मी शक्यतो त्याच्या मागून धावलो. दिशा मात्र तोच बिनचूक काढत होता, त्यामुळे हे सोयीचंही होतं.

भोसरीच्या अलीकडे एक आमराई होती, तिथे शेवट. तिच्या आधीचं शेत हरभऱ्याचं. मागे वळून पाहिलं तर दुसरी जोडी नजरेच्या टप्प्यातही नव्हती. शेताचा झापा सताड उघडा होता. समोरच्या बांधावर, बोरीखाली, सायकल आडवी टाकून उस्ताद बसले होते.

आम्ही आत शिरलो आणि माझ्या हाताने झापा ओढून लावला. मी लावला म्हणत नाही, हाताने लावला. आमच्या गावात उघडा झापा दिसला की तो कुणाचाही असो, जाणारा माणूस लावून पुढे जातो. शिंक आली की तोंडावर हात जातो तसं ते आहे.

"अरे, उघडा होता ना?" जोडीदार म्हणाला.

मी परत उघडला. बांधाने थोडं पुढे गेलो. तेवढ्यात वाटेने म्हशी येताना दिसल्या. चांगल्या चार-पाच, आणि हाकणारं कुणी नाही. हरभरा घाट्यावर आलेला, शेंगा भरत आलेल्या. जोडीदार माझी बाही ओढत होता, समोर आमराई दिसत होती, आणि मला दुसऱ्याच्या पिकात म्हशी दिसत होत्या. मी पळत मागे गेलो आणि झापा लावून आलो.

उस्ताद उठले. शांतपणे म्हणाले, "बाद."

मी त्यांना शेतकऱ्याचा धर्म समजावून सांगितला. बराच वेळ सांगितला. पीक, कष्ट, अन्नदाता, काही ठेवलं नाही. तोवर म्हशींच्या मागून एक बाई काठी घेऊन येताना दिसली. शेत तिचंच निघालं. मला साक्षीदार हवाच होता. मीच तिला हाक मारली, "मावशी, यांना सांगा, मी झापा लावला ते बरं केलं का न्हाई?"

बाईने आधी झाप्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या चड्डीकडे.

"म्याच उघडा टाकला व्हता," ती म्हणाली. "समदा अळीनं खाल्लाय. म्हशी सोडायला मागं गेले तर तू लावून बसलास व्हय?"

मी वाकून एक डहाळा पाहिला. घाट्याघाट्याला भोक होतं. इतका वेळ मी त्याच हरभऱ्याची वकिली करत होतो. उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला आणि सायकल उचलली. बाईने झापा परत सताड उघडला आणि म्हशी माझ्या अंगावरूनच आत गेल्या.

मागची जोडी आमच्यासमोरून आमराईत शिरली. त्या दोघांनी झाप्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यामुळे तो तसाच राहिला आणि ते दिल्लीला गेले.

शिवाजीनगरला गाडीतून उतरताना जोडीदार म्हणाला, "राव, पुढच्या वेळी तू नकाशा धर, हात मोकळे ठेवू नकोस."

घरी जाऊन मी सगळं सांगितलं. वडिलांनी दिल्लीचं काही विचारलं नाही. "अळी लागलेला वळखू आला न्हाई तुला?" एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. तो प्रश्न उस्तादांच्या निकालापेक्षा जास्त लागला.

खरी पंचाईत आईची झाली होती. तिने गावभर सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारीण चौकशीला आली तेव्हा मी आत बसून ऐकत होतो. आई म्हणाली, "ते लई मागं लागले व्हते, पण दिल्लीला थंडी फार. आमीच न्हाई म्हणालो."

शेजारणीला ते पटलं. हिवाळा संपेपर्यंत मलाही पटलं होतं.